कळकाची परांची आणि जस्ती नळ

(कडेगाव येथे ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आज मी आपल्यासमोर ज्या विषयावर बोलणार आहे, तो वरकरणी अगदी रुक्ष वाटेल. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ, म्हणजेच आपण ज्याला जी. आय. पाइप म्हणतो तो, आणि त्याची बांधकामाच्या परांचीसाठी होणारी योजना, हा तो विषय होय. मी कला शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. परंतु गावात शाळाखोली उभी राहते, पाण्याची टाकी बांधली जाते, देवळाच्या शिखराला किंवा मशिदीच्या मिनाराला रंग दिला जातो, तेव्हा त्या उंचीवर उभा राहून काम करणारा माणूस बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो. तो ज्या आधारावर उभा असतो त्याविषयी पंचायतीच्या सदस्यांना चार गोष्टी ठाऊक असणे ही केवळ तांत्रिक बाब नाही. तो गावकारभाराचाच भाग आहे.

कळकाचे गाव

उंच बांधणी कशी करावी, हे कडेगावला बाहेरून कोणी येऊन शिकविण्याची गरज नाही. मोहरमच्या दिवसांत येथे उभे राहणारे गगनचुंबी ताबूत महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. शंभर फुटांची उंची गाठणारे हे ताबूत कळक आणि दोर यांच्या बळावर उभे राहतात. हिंदू आणि मुसलमान बांधव ते खांद्यावर घेतात आणि त्यांच्या भेटींचा सोहळा पाहण्यासाठी दूरदूरहून लोक येतात. एवढी उंच वस्तू नुसती उभीच राहत नाही, तर माणसांच्या खांद्यांवरून चालते, हे त्या बांधणीचे खरे कौतुक आहे. कळक वजनाला हलका आणि आतून पोकळ असतो, तो वाकतो पण सहसा एकाएकी मोडत नाही, आणि त्याचा सारा भरवसा सांध्यावर असतो, हे ज्ञान येथील कारागिरांच्या हातांत पिढ्यान्पिढ्या आहे.

म्हणून नळाची थोरवी गाण्यासाठी कळकाला कमी लेखण्याचे काही कारण नाही. हाँगकाँगसारख्या आधुनिक शहरात तीस-चाळीस मजली इमारतींनाही कळकाचीच परांची बांधण्याची परंपरा चालत आली. तेथील शासनाने २०२५ साली आपल्या नव्या इमारतींच्या निम्म्या कंत्राटांत तरी धातूची परांची वापरावी असे धोरण जाहीर केले. जेथे हे कसब शिखराला पोहोचले तेथेही हा बदल का करावासा वाटला, याचा विचार करण्यासारखा आहे. कळक कुजतो, चिरतो, त्याला कीड लागते. प्रत्येक कळकाची जाडी निराळी असल्याने त्याची ताकद आकड्यात सांगता येत नाही. दोर पावसात भिजतो, उन्हात सैल होतो. मुख्य म्हणजे, तो नेमका बांधणारे जाणते हात कमी होत चालले आहेत. ताबुताची बांधणी जाणणारा कारागीर आणि कंत्राटदाराने सकाळी नाक्यावरून उचलून आणलेला मजूर यांच्या हातच्या गाठीत अंतर असणारच.

आपल्या भागात बांधकामेही वाढली आहेत. एके काळी हा सारा पट्टा अवर्षणाचा म्हणून ओळखला जाई. कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या ताकारी आणि टेंभू या योजनांनी येथील अनेक गावांचे चित्र पालटले. ऊस आला, द्राक्ष आले आणि हाती पैसा आला की घर बांधावे ही आपली रीत आहे. एकमजली घराच्या जागी दुमजली घर उभे राहते. शाळा, सभागृहे, गोठे, टाक्या होतात. तेव्हा परांचीचा प्रश्न आता शहराचा राहिलेला नाही.

जस्ताचे कवच

जी. आय. पाइप या नावात ‘आयर्न’ म्हणजे लोखंड असले तरी आजचा नळ हा सौम्य पोलादाचा असतो. त्याच्यावर आतून-बाहेरून जस्ताचा थर चढविलेला असतो. ‘गॅल्व्हनाइझ’ हा शब्द लुईजी गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून आला. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्याचे संरक्षण करण्याच्या कृतीचे पेटंट फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल यांनी १८३७ साली घेतले. तथापि जस्ताशी आपल्या देशाचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे जस्त ऊर्ध्वपातनाने काढण्याच्या प्राचीन भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. युरोपात जस्ताचे कारखाने अठराव्या शतकात निघाले, त्याच्या शेकडो वर्षे आधी झावरच्या भट्ट्या पेटल्या होत्या. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

कारखान्यातील कृती साधी, पण काटेकोर आहे. नळावरचे तेल-वंगण प्रथम धुऊन काढतात. नंतर आम्लात बुडवून गंज आणि पापुद्रे काढतात. मग जस्त नीट धरावे म्हणून क्षारांच्या द्रावणात बुडवितात आणि शेवटी सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या जस्ताच्या रसात तो नळ सोडतात. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, तर पोलादाला त्याच्या तिपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून नळ वितळत नाही. मात्र दोन धातूंच्या सीमेवर त्यांचा मिश्रधातू तयार होतो. रंगासारखा वरवर बसलेला हा थर नव्हे, तो नळाच्या अंगाशी एकजीव झालेला असतो. भारतीय मानक क्रमांक ४७३६ प्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम जस्त अपेक्षित असते. त्याची जाडी भरते मिलिमीटरच्या अठराव्या भागाइतकी.

एवढासा थर काय संरक्षण करणार, असे वाटेल. त्याचे मर्म असे की जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. हवा आणि पाणी यांचा मारा आला की ते स्वतः आधी झिजते आणि लोखंडाला वाचविते. नळावर एखादा ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी आजूबाजूचे जस्त काही काळ त्याला सांभाळून घेते. रंगाचे तसे नाही. रंग एके ठिकाणी उडाला की तेथून गंज रंगाखाली पसरत जातो. परांचीचे नळ दर कामाला बांधायचे, सोडायचे, ट्रकमधून उतरवायचे आणि उघड्यावर रचायचे असतात. त्यांना ओरखडे पडणारच. म्हणून रंगविलेले नळही परांचीसाठी चालत असले, तरी वर्षानुवर्षे फिरणाऱ्या सामानाला जस्ताचा मुलामा अधिक परवडतो. अर्थात हे कवच अमर नव्हे. कोकणच्या खाऱ्या हवेत ते लवकर झिजते, आपल्या देशावरच्या कोरड्या हवेत पुष्कळ टिकते.

पोकळ, म्हणूनच बळकट

परांचीच्या नळाचा बाहेरचा व्यास सर्वसाधारणपणे ४८.३ मिलिमीटर असतो. बाजारात त्याला ४० मिलिमीटरचा किंवा दीड इंची नळ म्हणतात. मध्यम प्रतीच्या नळाच्या भिंतीची जाडी ३.२ मिलिमीटर असते. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात करून पाहावा असा एक हिशेब येथे सांगतो. एवढ्या नळात जितके पोलाद आहे, तितक्याच पोलादाची भरीव सळई केली तर तिचा व्यास केवळ २४ मिलिमीटर भरेल. वजन तेच, किंमत जवळपास तीच. परंतु वाकण्याला विरोध करण्याची नळाची क्षमता त्या सळईच्या सुमारे सातपट असते. कारण नळात सारा धातू मध्यापासून दूर, कडेला नेऊन ठेवलेला असतो. निसर्गाने कळकाच्या बाबतीत हीच युक्ती केली आहे. अभियंत्याने पोलादाचा कळक केला, असे म्हटले तरी चालेल.

या उभ्या नळाचा शत्रू म्हणजे त्याची बिनआधाराची लांबी. लांब, सडपातळ खांब वरच्या ओझ्याने चिरडत नाही, तो बाजूला फुगतो आणि कोसळतो. आधाराविना असलेली लांबी दुप्पट झाली तर अशा खांबाची भार पेलण्याची ताकद निम्मी होत नाही, ती एक-चतुर्थांश होते. हा नियम प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा. ‘मधला एक आडवा नळ नाही लावला तर काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. तो एक आडवा नळ वाचविला की उभ्या नळाची लांबी दुप्पट होते आणि चारांपैकी तीन भाग ताकद निघून जाते. डोळ्यांना मात्र काहीच बिघडलेले दिसत नाही.

पारख कशी करावी

भारतीय मानक क्रमांक १२३९ प्रमाणे नळांचे हलका, मध्यम आणि जड असे तीन वर्ग आहेत. ओळखीसाठी हलक्या नळावर पिवळा, मध्यमावर निळा आणि जड नळावर तांबडा पट्टा असतो. तिन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, फरक भिंतीच्या जाडीत. म्हणून दुरून पाहून कोणालाही फरक कळणार नाही, आणि पट्टा तर दोन पावसाळ्यांत पुसला जातो.

यावर सोपा उपाय आहे तो वजनाचा. या भागातील शेतकऱ्याला काट्याचे महत्त्व सांगायला नको. उसाची गाडी काट्यावर जाते तेव्हा तो आकड्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो. तोच डोळा येथे लावावा. दीड इंची, सहा मीटर लांबीचा मध्यम नळ जस्त धरून बावीस किलोच्या आसपास भरतो. हलका वीस किलोच्या घरात असतो आणि जड सव्वीस किलोच्या पुढे जातो. दहा नळ एकत्र तोलले तर वीस किलोचा फरक सहज दिसेल. वापरलेले नळ अठरा किलोंच्या खाली भरू लागले, तर आतून गंजाने किती धातू खाल्ला आहे हे निराळे सांगायला नको. साध्या वजनाने जे कळते त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही.

येथे एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. पाणीपुरवठ्याच्या जुन्या योजनेतून काढलेले नळ परांचीला वापरण्याचा मोह काही ठिकाणी होतो. हे टाळावे. वर्षानुवर्षे पाणी वाहिलेला नळ बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेला असू शकतो. शिवाय त्याच्या टोकांना आटे पाडलेले असतात आणि आटे पाडताना भिंतीची जाडी तेथे कमी झालेली असते. पाण्याच्या नळाला आतून बाहेर येणारा दाब सोसायचा असतो, परांचीच्या नळाला वरून येणारे ओझे पेलायचे असते. दोघांचे काम वेगळे, म्हणून दोघांची कसोटीही वेगळी.

उभारणीचे शास्त्र

नळ कितीही उत्तम असला तरी परांची उभी राहते ती सांध्यावर. दोराची जागा लोखंडी क्लॅम्पने घेतली तेव्हाच नळांच्या परांचीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी पामर-जोन्स यांनी असा सांधा काढला आणि १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या कामात तो वापरला गेला. आपल्याकडे पोलादी नळांच्या परांचीसाठी क्रमांक ४०१४ चे मानक १९६७ साली प्रसिद्ध झाले. परांची आणि शिड्या यांच्या सुरक्षिततेसाठी क्रमांक ३६९६ चे मानक आहे.

त्यातील तत्त्वे थोडक्यात अशी. उभा नळ कधीही सरळ मातीवर टेकवू नये. त्याखाली लोखंडी बैठक आणि तिच्याखाली रुंद लाकडी फळी हवी. आपली काळी जमीन पहिल्या पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून येथे तर हे अत्यावश्यकच आहे. विटांचे तुकडे किंवा दगड रचून केलेली टेकण ही बैठक नव्हे. काटकोनातील नळांना काटकोनी क्लॅम्प, तिरप्या नळाला फिरता क्लॅम्प वापरावा, आणि प्रत्येक बोल्ट पान्याने आवळलेला असावा. तारेने बांधलेला नळ हा निसटणारच, या समजुतीने त्याकडे पाहावे. तिरपे नळ दिल्याशिवाय चौकट ही चौकट राहत नाही. काडेपेटीचे बाहेरचे कवच बोटाने दाबले की ते जसे तिरके होते, तशी ती बसते. परांचीची उंची तिच्या पायाच्या रुंदीच्या तीन-चार पट होऊ लागली की ती इमारतीला ठिकठिकाणी जखडलीच पाहिजे.

ज्या फळ्यांवर माणूस उभा राहतो त्या एकमेकींना भिडलेल्या आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात. उघड्या बाजूला सुमारे एक मीटर उंचीचा कठडा आणि फळीच्या कडेला सुमारे १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी असावी. ही पट्टी वरच्या माणसासाठी नसते. वरून घरंगळणारी वीट खालून घमेले घेऊन जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर पडू नये, यासाठी ती असते. वर चढण्यासाठी शिडी द्यावी. नळांना धरून माकडासारखे चढणे हे कौशल्याचे लक्षण मानले जाते, ते बंद झाले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. कळक कोरडा असेल तर वीज सहसा वाहून नेत नाही. धातूचा नळ तत्काळ नेतो. कळकाची सवय असलेला मजूर सहा मीटरचा नळ उभा करतो, मागे वीजवाहिनी आहे हे त्याच्या ध्यानात नसते, आणि क्षणात अनर्थ होतो. कळकाकडून नळाकडे जाताना वाढणारा हा एक मोठा धोका आहे. गावातील अनेक गल्ल्यांतून वीजतारा घरांना खेटून गेलेल्या असतात. अशा जागी काम सुरू करण्यापूर्वी महावितरणला कळवून वाहिनी बंद करून घेणे वा हलविणे, हाच मार्ग होय. शाळेतील ध्वजस्तंभाचा नळ उभारताना किंवा आडवा करतानाही शिक्षकांनी हेच पथ्य पाळावे, आणि ते काम मुलांकडून कधीही करवून घेऊ नये.

जपणूक आणि इतर उपयोग

जस्ती नळ वेल्डिंग करताना जस्त जळून त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून असे काम मोकळ्या हवेत आणि जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढून करावे. जोडावर पुन्हा जस्तयुक्त रंग द्यावा, एरवी गंजाची सुरुवात तेथूनच होते. ओले सिमेंट जस्ताला खाते, तेव्हा स्लॅब ओतल्यावर नळांवर उडालेला राडा त्याच दिवशी धुऊन टाकावा. पावसाळ्यात नळ एकावर एक घट्ट रचून ठेवले तर फटींत पाणी साचून पांढरा गंज धरतो. मध्ये पट्ट्या घालून, एक बाजू किंचित उतरती ठेवून ते रचावेत.

परांचीखेरीज या नळाने ग्रामीण जीवनात किती कामे केली आहेत! १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी आणि हातपंप खेडोपाडी गेले. महाराष्ट्रातील जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सिद्ध झाला. त्याच्या पोटात पाणी वर आणणारा जो नळ असतो तो ३२ मिलिमीटरचा जस्ती नळच. आज शेडनेट व हरितगृहांचे सांगाडे, जिन्यांचे कठडे, गोठ्यांचे खांब, सौर पट्ट्यांच्या चौकटी यांत तो सर्वत्र दिसतो. पिण्याच्या पाण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळांनी त्याची बरीच जागा घेतली असली, तरी जेथे भार पेलायचा आहे तेथे त्याचे स्थान कायम आहे.

पैशाचा प्रश्न आणि आपली जबाबदारी

‘एवढे सारे करायचे तर खर्च कोणी द्यायचा?’ हा प्रश्न आता विचारला जाईल. त्याचे उत्तर अंदाजपत्रकातच आहे. गिलावा, रंगकाम, उंचीवरचे बांधकाम यांच्या सरकारी दरपत्रकातील वर्णन लक्षपूर्वक वाचावे. दर हा बहुधा ‘परांचीसह’ असतो. म्हणजे परांचीचे पैसे पंचायत देतच असते. मात्र ती रक्कम निराळी दाखविलेली नसल्याने ती कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही तेथेच काटकसर होते. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे आपण तपासतो, कारण भिंत मागे उरते. परांची काम संपताच नाहीशी होते, म्हणून तिची कोणी विचारपूस करीत नाही. ती असते तेवढ्याच दिवसांत विचारायला हवे.

तेव्हा माझी विनंती अशी की, काम सुरू होण्यापूर्वी पंचायतीने कंत्राटदाराला लेखी विचारावे. परांची कशाची असेल? नळ कोणत्या वर्गाचे? बैठक, तिरपे नळ, कठडा कोठे देणार? वीजवाहिनी किती जवळ आहे? रोज सकाळी आणि पावसानंतर तपासणी कोण करणार? या पाच प्रश्नांना उत्तरे मिळाली आणि ती इतिवृत्तात नोंदली गेली, तर निम्मे काम झाले. पंचायतीकडे अभियंता नाही ही सबब येथे चालणार नाही. बोल्ट आवळला आहे की नाही हे पाहायला पदवी लागत नाही.

दुसरी गोष्ट कामगाराच्या हक्काची. संसदेने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर घेण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात २००७ साली त्याखालील नियम झाले आणि २०११ साली कामगारांच्या कल्याणकारी मंडळाची स्थापना झाली. पुढे २०२० च्या कामगार संहितांत या तरतुदींचा समावेश करण्यात आला. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला लाभार्थी म्हणून नोंदणी करता येते. खेड्यात या ९० दिवसांच्या दाखल्यासाठी तो ग्रामपंचायतीच्याच दारी येतो. तो दाखला खऱ्या कामगाराला हेलपाट्यांशिवाय मिळावा आणि काम न केलेल्याला मिळू नये, ही आपली दुहेरी जबाबदारी आहे. नोंदणी नसलेला गवंडी पडला तर त्याच्या घरची चूल कशी पेटणार, याचा विचार दाखल्याचा अर्ज बाजूला ठेवताना प्रत्येकाने करावा.

मित्रहो, ताबूत उठतात तेव्हा कोणा एकाचा खांदा पुरेसा नसतो. शेकडो खांदे एका वेळी लागतात, आणि एकही माणूस आपला भार दुसऱ्यावर टाकून मोकळा होत नाही. परांचीचेही तसेच आहे. नळ कारखान्याने नीट करावा, कंत्राटदाराने नीट उभारावा, अभियंत्याने तपासावा, पंचायतीने विचारावे आणि कामगाराने धोका दिसताच वर चढण्यास नकार द्यावा. तो नकार देईल तेव्हा त्याची रोजंदारी बुडणार नाही, एवढी पाठराखण गावाने करावी. आपल्या गावात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शाळेच्या, टाकीच्या आणि घराच्या कामावरून माणसे सकाळी जशी आली तशीच संध्याकाळी धडधाकट घरी परतावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!